रिकामी म्हटलेली बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी पंपाची बंदूक आहे. माझी नळी बारीक, वजन हलकं, आणि खांद्याला बसणारा धक्काही सौम्य. नळीखाली आणखी एक नळी आहे. तिच्यात तीन काडतुसं एकामागे एक मावतात. पुढची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली, की रिकामं टरफल बाहेर उडतं आणि खालचं काडतूस वर चढतं.

पारशिवनीजवळच्या रुपरावांनी मला पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून आणलं. रानडुक्कर लोळवण्याइतका जोर माझ्या छर्‍यांत नव्हता, पण माझा आवाज ऐकताच कळप हरभरा सोडून पळत सुटे. सारं गाव माझं कौतुक करी. रुपराव मला तेलाच्या फडक्यानं रोज पुसत.

सदुसष्ट साली निवडणूक आली. बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. सकाळी ओसरीवर बसून रुपरावांनी माझ्या खालच्या नळीतली तिन्ही काडतुसं काढली. चौथं वरच्या नळीत चढलेलंच होतं. ते मला ठाऊक होतं, पण मला बोलता कुठं येतं?

शेजारचे नत्थूजी म्हणाले, "रिकामी हाय ना गा?"

"पुरी रिकामी. हे पाह्य!"

त्यांनी चाप ओढला.

अंगणात रुपरावांच्या पत्नी प्रयागबाई हरभरा पाखडत होत्या. सूप उडालं. दाणे लाल झाले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती. त्या हाताकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अवो, रिकामी म्हनत होते ना तुमी?"

रुपरावांनी मला खाली टाकलं. नत्थूजींनीच धोतर फाडून हात बांधला आणि बैलगाडी जुंपली. मी ओसरीवर पडून होते, नळी अजून गरम. इतकी वर्षं जिच्या घरात राहिले, तिलाच मी जखमी केलं होतं!

प्रयागबाई महिन्यानं नागपूरच्या दवाखान्यातून परतल्या, तोवर मीही ठाण्यातून घरी आले होते. रुपराव मला विहिरीत टाकायला निघाले होते. प्रयागबाईंनी अडवलं. "डुकरं का तुमचं रडनं पाहून थांबतीन? पन आता बंदूक घरात येईन तं मले दाखवूनच."

तेव्हापासून रुपराव शेतातून आले, की उंबर्‍याबाहेरच नळी आकाशाकडे धरून मूठ मागे ओढत. प्रयागबाई आधी वाकून पाहत, मग उजव्या हाताची करंगळी माझ्या पोटात घालून चाचपत. पंधरा वर्षं, एकही दिवस न चुकता.

मित्रांनो, बंदुकीला हात लावू नका. कुणी ती रिकामी आहे म्हणालं, तरी तिच्या तोंडासमोर उभे राहू नका. मी वाईट नाही, पण माझ्या पोटात काय आहे हे मी सांगू शकत नाही. ते माणसानंच पाहावं लागतं. प्रयागबाई ते पाहत. आणि त्यांचं बोट आत असेपर्यंत रुपराव डोळे गच्च मिटून घेत.