भिंतीवरचा मळका पट्टा

आमच्या तिरुवल्लाकडे घराचं काम घ्यायचं म्हणजे आधी मालकाला फोनवर गाठायचं. मालक असतो दोह्यात नाहीतर डब्लिनला, आणि घराला असतं कुलूप. तरी प्रत्येकाला दोन स्वयंपाकघरं लागतात. एक पाहुण्यांना दाखवायचं, चकचकीत, तिथे चहासुद्धा होत नाही. दुसरं मागच्या अंगाला, तिथे मासे साफ होतात आणि फणस चिरला जातो. मी याला मनातून हसते, पण पोट त्यावरच चालतं, म्हणून आराखड्यात दोन्ही काढते.

एक पथ्य मात्र पाळते. राहतं घर बदलायचं असेल तर पेन्सिल हातात धरण्याआधी एक अख्खा दिवस त्या घरात नुसती बसते. माणसं चपला कुठे काढतात, भाजी कुठे बसून निवडतात, कुठल्या खिडकीशी उभी राहून भांडतात, ते बघते. लोक तोंडाने सांगतात ते घर वेगळं आणि जगतात ते वेगळं. माझा भागीदार याला रिकामटेकडेपणा म्हणतो. म्हणू दे.

सूसम्माचेचीचं, म्हणजे आमच्या सूसम्माताईचं, काम आलं तेव्हाही मी अशीच जाऊन बसले. चेची आयर्लंडमध्ये नर्स. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे हुकूम झेलून आता कुठे वॉर्डची मुख्य झालेली. नवरा कुरुविळा मस्कतची नोकरी आटोपून गावी आलेला, घरात एकटा. आम्ही सगळे त्यांना मानाने अच्चायन म्हणतो, त्यांची बायकोसुद्धा तेच म्हणते. चेची निवृत्त होऊन कायमची परतायच्या आत तिला घर दोघांच्या राहणीला साजेसं करून हवं होतं. कसं हवं, ते तिने फोनवर सांगितलं होतं. दोघंही मला मोळे म्हणतात, पोरी म्हणावं तसं.

"मोळे, माझा जन्म पडद्याआड गेला गं. खाटेभोवती पडदा, पडद्यात पेशंट. आता मला मध्ये काही नको. मी भाजी परतत असेन आणि मान वर केली की अच्चायन दिसले पाहिजेत. एवढंच घर काढून दे मला."

इतकं सरळ मागणं माझ्याकडे क्वचित येतं. मी खूश होते.

अच्चायन पुढच्या ओसरीवर रेडिओ ऐकत बसलेले. मला पाहून उठले, म्हणजे मला तसं वाटलं. स्वतः चहा करून आणला, फक्कड झाला होता. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक लांब बोळ होता, एका भिंतीच्या कडेने जाणारा, शेवटी डावीकडे वळणारा. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळका पट्टा टोकापासून टोकापर्यंत ओढलेला होता. एकट्या पुरुषाचं घर, कोण पुसणार, असं मी मनात म्हटलं. मग दिवसभरात लक्षात आलं, अच्चायन बोळातून जाताना हाताची बोटं उलटी करून भिंतीला टेकवत जायचे. सवय असते एकेकाची.

दुपारी मी लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि कच्चं चित्र दाखवत बोलायला लागले. हा बोळ जाईल, ही भिंत जाईल, बागेकडे पूर्ण काच. अच्चायन वाकून बघत होते. म्हणाले, छान, उजेड छान येईल, रंगसुद्धा झकास निवडलास. मी मान वळवली तर स्क्रीन केव्हाच काळी पडलेली होती.

मी गप्प झाले आणि माझ्या गप्प होण्यावरूनच त्यांना कळलं.

"मस्कतमध्येच सुरू झालं," ते शांतपणे म्हणाले. "आता उजेड कळतो. समोर कुणी आलं की काळपट आकार कळतो. तो आकार गोरा की सावळा, ते मात्र विचारू नकोस."

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर येणार नाही, औषधाचे थेंब फक्त उरलेली टिकवायला. हे सगळं त्यांनी एकट्याने रिक्षाने जाऊन येऊन केलं होतं, आणि रोज संध्याकाळी फोन तोंडासमोर धरून बायकोशी हसून बोलत होते. मी भडकले. चेचीला सांगत का नाही, म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सांगितलं तर मिळेल त्या विमानाने येईल आणि पुन्हा जाणार नाही. आत्ता कुठे तिला लोक मॅडम म्हणतात. आणि खरं सांगू? तिने आयुष्यभर पेशंटच पाहिले. घरी आल्यावर तिला नवरा भेटायला हवा, आणखी एक पेशंट नाही."

मग म्हणाले की हे घर मी हाताने पाठ केलंय, नवंही करीन, तू फक्त तोंड उघडू नकोस. उघडलंस तर पोरगी खोटं बोलते म्हणून सांगेन, आणि माझाच शब्द खरा ठरेल, मी चर्चच्या समितीवर होतो.

आता मी काय करायचं होतं? बोलले तर त्यांचा विश्वास मोडणार, न बोलले तर ज्या भिंतीला धरून ते चालत होते ती मीच पाडणार. मी तिसरी वाट काढायला गेले. आराखड्यात भिंत कमरेपर्यंत ठेवली आणि चेचीला म्हटलं, वर कुंड्या ठेवता येतील. व्हिडिओवर ती बघताक्षणी म्हणाली, हे तर वॉर्डातल्या नर्सच्या टेबलासारखं दिसतं, काढून टाक. मग मी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीत खरबरीत काळ्या दगडाचा पट्टा टाकला, पायाला लागेल असा. ती म्हणाली, यात धूळ बसेल, पुसणार कोण, तू? मग खोल्यांचे उंबरे तरी राहू द्या म्हटलं. यावर ती थोडी चिडलीच. पडून खुबे मोडलेल्या म्हाताऱ्यांनी तिचा वॉर्ड भरलेला असायचा. तिचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं, आणि माझं खरं कारण मला उघड सांगता येत नव्हतं.

शेवटी तिने नवऱ्यालाच विचारलं, "अच्चायन, तुम्ही तरी सांगा, तो काळा पट्टा हवा की नको?"

अच्चायन फोनकडे तोंड करून हसले. "तुला आवडेल तसं," ते म्हणाले.

मी शेजारीच बसले होते. दात ओठ खाण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

भिंत पाडायच्या दिवशी राजप्पन मिस्त्री हातोडा घेऊन आला तेव्हा अच्चायननी एकदा बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीवरून हात फिरवला आणि त्याला म्हणाले, स्वयंपाकघराच्या बाजूने सुरू कर, दाराकडचं शेवटी पाड. मिस्त्रीला वाटलं वास्तूचं काहीतरी असेल. ख्रिस्ती माणसंही आता मुहूर्त पाहायला लागली, असं तो नंतर आम्हाला हसत सांगत होता.

घर देखणं झालं, हे मला कबूल करायलाच हवं. दारात उभं राहिलं की स्वयंपाकघराचा ओटा, मागची बाग, बागेतली जायफळाची झाडं, सगळं एका नजरेत यायचं. फक्त त्या घरात राहणाऱ्याला ती नजर नव्हती. काचेतून येणारा उजेड त्यांच्यासाठी चारी बाजूंनी सारखाच असायचा आणि हाताला काहीच लागायचं नाही. पहिल्या दिवशी ते हॉलच्या मध्यावर उभे राहिले आणि मला म्हणाले, मोळे, मी कुठे आहे? त्यांच्याच घरात.

मग मी लांब सोफा आणवला आणि जुन्या भिंतीच्या रेषेत, पाठ जुन्या बोळाच्या बाजूला करून ठेवला. दिसायला विचित्र दिसायचा. पण त्याच्या पाठीवरून हात सरकवत, सोफा संपला की थोडं पुढे जाऊन उजवीकडे, असं त्यांनी अंगात बसवलं. जुना बोळ डावीकडे वळायचा, नवा ओटा उजव्या हाताला आला होता. सुरुवातीला वळण चुकायचे, मग जमलं. चहा करून मला आणून देऊ लागले, आणि मला वाटलं, निभावेल.

घराला आशीर्वाद द्यायचा दिवस ठरला आणि चेची रजा घेऊन आली. चार दिवस अच्चायन तिच्यासमोर फार हलले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. कार्यक्रमाच्या सकाळी मी पोचले तेव्हा फादर येऊन बसले होते, पाहुणे दाटले होते, आणि केटररच्या खुर्च्या मावाव्यात म्हणून सोफा दूर काचेच्या एका टोकाला ढकललेला होता. कुणी ढकलला विचारलं तर चेचीच म्हणाली, अगं तो मध्येच कसा ठेवला होतास, वाट अडत होती. मी अच्चायनना गाठायला वळले, पण ते गर्दीत पुढच्या दारापाशी होते आणि फादर पवित्र पाणी शिंपडत मध्ये आले होते.

प्रार्थना झाली. पाहुणे आप्पम आणि स्ट्यूच्या ताटांकडे वळले, मधली जागा मोकळी झाली. चेचीने त्या दाखवायच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने चहा टाकला, कप भरला आणि मान वर केली. ज्यासाठी हे घर बांधलं, ते तिला दिसलं. समोर अच्चायन उभे होते.

"अच्चायन, या," तिने हाक मारली. "आशीर्वादानंतरचा या घरातला पहिला चहा तुमचा."

ते चालू लागले. सोफा हाताला लागला नाही. क्षणभर थांबले, मग त्यांचा हात कमरेच्या उंचीला आला, बोटं उलटी झाली, आणि नसलेल्या भिंतीवरून हवेत सरकत ते पुढे निघाले, जुन्या बोळातून चालायचे तसे. बोळ वळायचा तिथे ते डावीकडे वळले आणि काचेसमोर जाऊन उभे राहिले.

त्यांचा चुलतभाऊ तंगच्चन ताट हातात घेऊन मोठ्याने म्हणाला, "घर नवं झालं, पण आमचा कुरुविळा अजून जुन्याच घरात राहतोय." सगळे हसले. चेचीही हसली. मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं, आणि तिने कप ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं खाटेवरच्या माणसांकडे बघत आलेली बाई ती. मी पुढे निघाले, पण ती माझ्याआधी निघाली होती.

ती ओट्यामागून बाहेर आली. अनवाणी, आवाज न करता, अगदी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांना समोर एक आकार आल्याचं कळलं. ते किंचित वाकले आणि हळूच म्हणाले,

"मोळे, चहा कुठल्या बाजूला गं? लवकर सांग, ती बघतेय."

चेचीने त्यांचा हात उचलला आणि आपल्या कोपरावर ठेवला, वॉर्डात पेशंटला चालवताना ठेवतात तसा, सफाईने. त्या सफाईवरूनच त्यांना कळलं असावं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते मुकाट तिच्यामागून चालू लागले. हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. मध्ये एकही भिंत नव्हती, त्यामुळे सगळ्यांना सगळं दिसत होतं.