बारावं गाणं

संहिता इंदूरच्या एका शाळेत संगीत शिकवायची. स्वतः चाल लावून गायलेली अकरा गाणी तिने गाण्यांच्या एका ॲपवर टाकली होती. ऐकणारे थोडेच, पण त्यांतले नागपूरचे अशोकजी प्रत्येक गाण्यावर आवर्जून लिहायचे. एका सकाळी त्यांचा मेसेज आला, नवं गाणं फारच आवडलं.

संहिताने सहा महिन्यांत काही रेकॉर्डच केलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये तिने ॲप उघडलं. तिचं नाव, तिचा फोटो आणि बारावं गाणं. आवाज तिचाच. वरच्या सुरावर जाण्याआधी ती घेते तसा अर्धा श्वाससुद्धा. आपणच गाऊन विसरलो की काय, असंही क्षणभर वाटून गेलं.

विजय नगरच्या फ्लॅटवर परतल्यावर नवरा विपुल म्हणाला, हुबेहूब आवाजसुद्धा आता एआयवर बनतो, कम्प्लेंट टाक. तिने टाकली. मग कणीक मळत असलेल्या आईला काही न सांगता ते गाणं ऐकवलं.

आईचे हात थांबले. "आजवरचं सगळ्यात छान गायलीस गं."

संहिताला तिथे उभं राहवेना.

ॲपच्या कंपनीने तिच्याकडेच पुरावा मागितला, ती संहिता असल्याचा. तिने आधार कार्ड, जुनी रेकॉर्डिंग, सगळं पाठवलं. तोवर आणखी तीन गाणी आली. वर्गात सा लावतानाही तिला वाटे, हाही कुणी टिपून घेतंय. नवव्या दिवशी कंपनीने ती चारही गाणी काढून टाकली. तिच्या अकरा गाण्यांखाली लोक विचारू लागले, ती चांगली गाणी का काढली?

तिने अशोकजींचा नंबर मागून घेतला आणि फोन करून सगळं सांगितलं.

"बेटा, बुरा मत मानना," ते बिचकत म्हणाले, "पण आत्ता बोलतेय ती तूच, हे मी कसं समजू?"

रविवारी इथे इंदूरला लालबागच्या मेळ्यात माझं गाणं आहे, तिथे या, एवढंच ती म्हणाली.

ते खरंच आले. आधी भेटून, नाव सांगून पहिल्या रांगेत बसले. संहिता माईकसमोर आली आणि समोर पन्नासेक फोन वर झाले. तिने फोन खाली ठेवण्याची विनंती केली. अशोकजीही मागे वळून हाताने खुणा करू लागले.

बरेच फोन खाली गेले. सगळे नाही. तरी ती गायली.