काटा थांबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजीवाल्याच्या हातात लटकतो तो माझा चुलतभाऊ. तो दणकट, बोलका, दिवसभर उन्हातान्हात हिंडणारा. मी मात्र घरकोंबडा. काचेच्या पेटीत राहतो, आणि पेटीचं दार उघडं राहिलं तर नुसत्या फुंकरीनेही बावचळतो.

मला घडवणारा कारागीर एका डोळ्याला भिंग लावून बसे. माझ्या दांडीच्या मधोमध त्याने पोलादाचं एक पातं बसवलं, त्या पात्यावर माझा सगळा भार. दांडीच्या दोन टोकांना दोन पारडी, मधे लांबसडक काटा, काट्याखाली रेघारेघांची पट्टी. खालची मूठ फिरवली की दांडी उचलली जाते आणि काटा डोलू लागतो. आधी मोठे झोके, मग लहान, मग चिमणीच्या श्वासाएवढे; आणि मग थांबतो. सावकाश शंभर आकडे म्हणावेत इतका वेळ लागतो त्याला. मला पेटीत बसवताना कारागीर बायकोला म्हणाला होता, "याला घाई केली की हा खोटं बोलणार."

तिथून मी आलो एका शाळेच्या प्रयोगशाळेत. खिडकीशेजारचं टेबल माझं. सुरुवातीला काय तो थाट! मुलं हात धुऊन यायची, वजनं चिमट्याने उचलायची. मीठ, माती, लोखंडाचा कीस, एकदा तर मेलेला भुंगाही माझ्या पारड्यात बसून गेला. मला एक खोड आहे. वजन कळलं तरी माझं समाधान होत नाही. हा भुंगा उडायचा तेव्हाही एवढाच भरला असता का, असलं काहीतरी डोक्यात घोळत राहतं. पण तराजूला विचारतो कोण!

वर्षं गेली, नव्याची नवलाई गेली. मुलांना माझा कंटाळा येऊ लागला. "हा म्हातारा कधी थांबणार?" म्हणत ती काटा डोलत असतानाच अंदाजाने आकडा लिहून मोकळी व्हायची. त्याच दिवसांत ढिम्मी आली.

हे तिचं खरं नाव नव्हे, वर्गाने पाडलेलं. विज्ञानाचा तास माझ्याच खोलीत व्हायचा. प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि नुसती उभीच राहायची. मागच्या बाकावरून हळू आवाजात गाणं सुरू व्हायचं:

दगड बोलेल, भिंत बोलेल,
फुटका माठ बोलेल गं,
ढिम्माबाईच्या तोंडाचं कुलूप
कोण कधी खोलेल गं!

मग कुणीतरी दुसरं उठून उत्तर द्यायचं. बहुतेक वेळा तो पोपट. पोपट म्हणजे वर्गातला हुशार मुलगा. प्रश्न संपायच्या आत त्याचा हात वर. ढिम्मी खाली बसायची. एकाच वर्गात तिचं हे दुसरं वर्ष होतं. तिच्या बाबांचं लाँड्रीचं दुकान होतं, आणि त्यांनी शाळेत येऊन सांगून टाकलं होतं की यंदा राहिली तर नाव काढून घेतो, मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला बसेल. पुढे गल्ल्याजवळ बसवायचीही सोय नाही, असं ते म्हणाले. गिऱ्हाइकाने आज विचारलं तर ही उद्या सांगेल.

विज्ञानाच्या बाई त्या वर्षी नव्या होत्या. एका दुपारी माझ्या टेबलाशी बसून त्या ढिम्मीचा पेपर तपासत होत्या. लाल पेन हातात तसंच राहिलं. दहांपैकी तीनच प्रश्न सोडवलेले, बाकी पानं कोरी. पण ते तीन? तिन्ही अचूक, आणि पुस्तकातल्या भाषेत नव्हे, स्वतःच्या. बाईंनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलट केलं. ज्याला येत नाही तो सगळीकडे थोडं थोडं चुकतो, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. ही तीन ठिकाणी पूर्ण बरोबर आणि सात ठिकाणी गायब, हे काय गौडबंगाल आहे? त्यांनाही माझ्यासारखीच खोड असावी. मला त्या तेव्हाच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्गाला विचारलं, की पाण्यात मीठ टाकलं, ढवळलं, ते दिसेनासं झालं. मग मिठाचं वजन कुठे गेलं? पोपट म्हणाला, विरघळलं म्हणजे संपलं. ढिम्मी उभी राहिली. गाणं सुरू झालं. ती बसली.

दुपारी तिचा गट माझ्याकडे आला. इतरांनी नेहमीप्रमाणे आकडे ठोकून दिले आणि पळाले. ढिम्मी राहिली. काट्याकडे बघत बसली, तो पूर्ण थांबल्यावरच तिने आकडा लिहिला. मग वजनं एकेक करून पेटीत ठेवता ठेवता ती कुणाकडेही न बघता म्हणाली,

"ते कुठे जात नाही बाई. दिसत नाही एवढंच."

बाईंना काही उमगेना. "काय गं?"

उरलेली वजनंही पेटीत गेली, मग ती म्हणाली, "मीठ."

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर दुपारी आलं होतं. बाईंनी पेला आणला. पाणी आणि कागदावरचं मीठ आधी एकत्र तोललं, मग मीठ पाण्यात विरघळवून कागदासकट पुन्हा तोललं. मी जीव ओतून तोललं, बरं का. काटा आधीच्याच रेघेवर येऊन थांबला. दोघी त्या रेघेकडे बघत राहिल्या.

त्यानंतर बाईंनी जे केलं, ते मी कुठल्याच शिक्षकाला करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी शिपाईकाकांना मागच्या बाकावर बसवलं. मी प्रश्न विचारला की मनात आकडे म्हणा, मी दुसऱ्या मुलाला उठवलं की थांबा, असं सांगितलं. तास संपल्यावर विचारलं, "किती झाले काका?"

काका घुटमळले. "सांगू का बाई? कुठे तीन, कुठे दोन."

"आणि तिच्या वेळी?"

"तिच्या वेळी एकच. बसेल ती गप्पच, असं तुम्हालाही वाटत असणार."

बाई हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम झाला. प्रश्न विचारायचा, माझी मूठ फिरवायची, आणि काटा थांबेपर्यंत कुणी हात वर करायचा नाही. पहिले काही दिवस वर्गाच्या अंगावर जणू मुंग्या चढल्या. पोपट तर हातावर हात दाबून बसायचा. पण गंमत अशी, की काटा थांबेपर्यंत त्याचंही उत्तर बदललेलं असायचं. एकदा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, आधीचं सांगू की आत्ताचं?" सगळे हसले, ढिम्मीसुद्धा. आठव्या की नवव्या दिवशी तिने हात वर केला. वर्ग इतका चकित झाला की गाणं म्हणायचंच विसरला.

तरीही पेपरात तिला वेळ पुरेना. वर्षाअखेर लेखी परीक्षेत ती थोडक्यात राहिली. बाईंनी मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे, हट्ट धरला की हिची एकदा तोंडी परीक्षा घ्या. बाबांनाही बोलावलं. काका मला उचलून मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेले. माझी पारडी वाटेत भीतीने किणकिणत होती.

"परीक्षेत तराजू कशाला?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तो आपल्यासाठी आहे," बाई म्हणाल्या. "हा थांबेपर्यंत आपण थांबायचं."

बाबा मधेच सांगू लागले की घरीही हीच तऱ्हा. जेवलीस का विचारलं तर भांडी घासून झाल्यावर हो म्हणते. मोठ्या बाईंनी त्यांना हाताने थोपवलं आणि विचारलं, "ओले कपडे वाळतात तेव्हा त्यांतलं पाणी कुठे जातं?"

मूठ फिरली. मी डोलू लागलो. मोठे झोके. मोठ्या बाईंची बोटं टेबलावर वाजू लागली. लहान झोके. बाबांना उत्तर ठाऊक होतं, आयुष्य त्याच धंद्यात गेलेलं. त्यांचे ओठ हलले आणि बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. चिमणीचा श्वास. आणि मी थांबलो.

ती बोलली नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, पुन्हा डोलायला लागावं. पण तसं करणं म्हणजे खोटं बोलणं. बाईंनी टेबलाची कड धरून ठेवली होती. मोठ्या बाईंनी पेनचं टोपण उघडलं.

"हवेत जातं," ती म्हणाली. "वाफ होऊन. दिसत नाही, पण असतं." एक श्वास घेतला. "पण मग आमच्या मागच्या खोलीतली हवा, कपडे वाळताना जड होते की हलकी? मला वाटतं जड. पण तसं असेल तर ती वाफ वर छताला का जाते? मला ते तोलून बघायचंय. हवा कशात धरायची तेच कळत नाही."

मोठ्या बाईंनी लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीबाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू काही मीच सांगणार होतो. "मलाही बघावं लागेल हे," त्या म्हणाल्या, आणि तिला वरच्या वर्गात घालायच्या कागदावर सही केली.

खिडकीतून मला फाटक दिसत होतं. बाबांनी सायकल काढली, ती मागे बसायला गेली. तेव्हा ते थांबले. "तुला काय करायचंय गं? दुकान की शाळा?" एवढंच त्यांनी विचारलं. आजवर ते विचारलं कुणीच नव्हतं. विचारून ते सायकल धरून उभे राहिले. रस्त्यावरचा माणूस घंटी वाजवून गेला, त्यांच्या ओळखीचा कुणी हाक मारून गेला, ते हलले नाहीत. किती आकडे झाले ते मी मोजले नाहीत. ती काय म्हणाली ते काचेतून ऐकू आलं नाही. पण पुढची चार वर्षं ती माझ्या टेबलाशी येत राहिली, आणि पुढे कॉलेजला गेली हे काकांनी मला पुसता पुसता सांगितलं.

आता प्रयोगशाळेत झटपट आकडे दाखवणारा छोटा तराजू आहे. गुणी आहे, त्याच्याशी माझं वैर नाही. मी अडगळीच्या खोलीत असतो. माझं पातं झिजलंय, आणि कुणी कुणी माझ्या पारड्यात खडूचे तुकडे टाकून जातं. ते तेवढं टाकू नका, आणि जमलं तर माझी काच पुसा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात, घरात, कुणी प्रश्न ऐकून गप्प उभं राहिलं, तर त्याला लगेच बसवू नका. उत्तर निघालेलं असतं, मित्रांनो. त्याची वाट लांबची असते.