माळाला देव न्हाई

माझ्या अंगात कधी देव आला नाही, आणि मी येऊही दिला नाही. बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजायला लागला की गावातल्या निम्म्या बायका घुमतात. मी बाजूला उभी राहून त्यांची पोरं सांभाळते, चपला राखते. सत्तरी ओलांडली, आठ नातवंडं झाली, पण हरणाबाई घुमताना बघितली असं कुणी सांगून दाखवावं. शाळा माझी दुसरीपर्यंत. लिहिताना कुठं चुकलं तर नीट कर म्हणून नातीला, सोनमला, सांगितलंय. वर हेही सांगितलंय की अक्षर बदल, बोलणं बदलू नको.

गोष्ट यंदाची, दसरा झाल्यावरची. आमचं गाव आटपाडीच्या पुढं. वरच्या अंगाला गायरान आहे, शंभर एकराचा माळ. पावसाळाभर वीस घरांची मेंढरं त्याच्यावर जगतात, दिवाळी झाली की कृष्णाकाठाला उतरतात. तो माळ उन्हावर वीज करणाऱ्या एका कंपनीला द्यायचा म्हणून कागद आला. सांगलीहून एक अधिकारी बाई येणार, ग्रामसभा भरणार, गावानं हो म्हटलं की माळभर काचा बसणार आणि भोवती तारेचं कुंपण पडणार. कागदात माळाला ‘पोटखराब, पडीक’ असं लिहिलं होतं. सोनमनं वाचलं तेव्हा मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. एवढी मेंढरं पोसणाऱ्याचं पोट खराब, मग चांगलं कुणाचं? लिहिणाऱ्याचं?

कंपनीनं रस्ता कबूल केला होता, शाळेला पंखे कबूल केले होते. गाव हो म्हणणार असाच रंग दिसत होता. सभेच्या आदल्या दिवशी माझा थोरला, भाऊसो, आणि सरपंच लालासाहेब माझ्यापुढं येऊन बसले. लालासाहेबाची दोन्ही पोरं तिकडं मदुराईला सोनं गाळायच्या दुकानात, इथं हा आणि त्याची पन्नास शेरडं. म्हणून माळाची काळजी त्यालाही होती.

दोघांनी मिळून डाव रचला होता. माळाच्या टेकाडावर एका धोंड्याला शेंदूर फासला होता, वर भंडारा उधळला होता. आता सभेत कुणाच्या तरी अंगात यायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते अंग माझं ठरलं होतं.

“आये, तू नुसती केस सोड,” भाऊसो म्हणाला. “दोन घिरट्या घे. हितं माझं ठाणं हाय, खुटी मारशील तर बघ, एवढंच म्हण. फुडचं आमी बघतो.”

मी म्हटलं, लेका, शेंदूर फासायला तुला येळ गावला, गेल्या म्हैन्यापास्नं गोठ्याचा पत्रा ठोकायला गावंना. त्यानं मान खाली घातली. लालासाहेब मात्र हटला नाही.

“आवं वैनी, माणसाचं कोण ऐकतंय? देव म्हटलं की कंपनीबी गप बसती.”

मला त्याचा राग यायला हवा होता. पण हे मी फार वर्षांपूर्वी ऐकलेलं होतं, आणि ज्याच्या तोंडून ऐकलं तो माझा बाप होता.

माहेर माझं सातारा जिल्ह्यात, म्हसवडच्या अलीकडं. बाप मल्हार जत्रेत भाकणूक सांगायचा. यंदा पाऊस किती, पिकेल काय, हे देव त्याच्या तोंडून बोलतो असं चार गावं मानायची. मला मात्र आतलं ठाऊक होतं. जत्रेआधी आठ दिवस तो मला घेऊन माळावर हिंडायचा. टिटवीनं अंडी खोलगटात घातलीत की उंचवट्यावर, पहाटेचा वारा कुठून सुटतो, मुंग्या काय वाहून नेतात, बोरीची पालवी कशी आहे, सगळं बघायचा. माती उकरून हुंगायचा. आणि जत्रेदिवशी भंडाऱ्यानं पिवळा होऊन तेच देवाच्या नावावर सांगायचा. एकदा मी विचारलं, दादा, हे तर तुमीच बघितलं हुतं की. तो हसला. म्हणाला, “हरणे, मल्हारचं कोण ऐकतंय? देवाचं ऐकत्यात.”

बाप हुशार होता, त्यात वाद नाही. पण बघितलं बापानं, सांगितलं टिटवीनं, आणि नारळ मात्र फुटला देवापुढं. तेव्हापासून ते माझ्या मनात सलतंय. बापाची नजर पुरेशी नव्हती का? माळ पुरेसा नव्हता का?

मी त्या दोघांना म्हटलं, सभेला येते. त्यांना वाटलं, म्हातारी तयार झाली.

सभेच्या दिवशी सकाळी एकटी माळावर गेले. गवत पिकून तांबूस झालं होतं, कमरेएवढं. वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतो. मालक गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मी मेंढरं घेऊन इथंच आले होते. घरात सगळे मला समजावत होते, वर गेले, देवाघरी गेले. इथं कुणी काही समजावलं नाही. गवत हाललं, चंडोल वर चढून गायला आणि खाली उतरला. मला बरं वाटलं. इथं माझे हात आपोआप जुळायला येतात. पण जोडायचे कुणाला, समोर कुणीच नाही. मग मी दोन्ही हातांनी काठी धरते आणि उभी राहते. एवढीच माझी पूजा, तिला साक्षी लागत नाही.

सभा शाळेच्या पटांगणात. भाऊसोनं ढोलवालासुद्धा कोपऱ्यात बसवला होता. सांगलीची बाई तरणी होती, तोंडानं गोड. तिनं कागद वाचला आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी उठले. ढोलावर पहिली टिपरी पडली.

“ते थांबीव रं,” मी म्हटलं. “माझ्या अंगात काय आल्यालं न्हाई. टेकाडावरचा शेंदूर माझ्या भाऊसोनं फासलाय, इट्याच्या बाजारातनं आणून. माळाला देव न्हाई.”

भाऊसोचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. मागून कुणीतरी ओरडलं, मग देऊन टाका की कंपनीला. लालासाहेबानं कपाळावर हात मारला. मी आवाज पडू दिला नाही. बाईला म्हटलं, सही करायच्या आधी एकदा माळ बघा, पाव तासाची वाट हाय. बाई उठली. तमाशा बघायला अख्खं गाव मागून आलं.

वर पोचेपर्यंत बाईच्या सलवारीला कुसळंच कुसळं. मी तिला गवतात बसवली. डोळे मिटले आणि म्हटलं, द्या माझ्या हातात काय पण. तिनं एकेक काडी उपटून दिली आणि मी नुसत्या बोटांनी सांगत गेले. ही कुसळी, ही पवन्या, ही मारवेल, हिच्यानं दूध वाढतं. एकही चुकली नाही. मग विळ्यानं वीतभर माती उकरून मुळांची जाळी दाखवली. ती सुटली की पहिल्या वळवाला ही माती ओढ्यात जाते.

बाईनं विचारलं, “आजी, इथं देव नाही म्हणता. मग इतका जीव कशात अडकलाय?”

“बाई, ह्या माळाला मी कवा काय मागितलं न्हाई, आन् त्यानं कवा काय देतो म्हणून सांगितलं न्हाई. मी येती, तवा त्यो असतो. मी गेल्यावरबी असावा. देवाशी तरी कुणाचं इतकं सरळ हाय?”

मग जे झालं त्याचा मला अभिमान आहे, कारण ते मी केलं नाही. आमचा जोतिबा मेंढका, जो कधी सभेत तोंड उघडत नाही, तो पुढं झाला आणि पखुर्ड्या पाखरांचे थवे कुठं पाणी प्यायला उतरतात ते बाईला दाखवायला लागला. बायकांनी तरवड दाखवला, कुठल्या दुखण्याला कसा उकळायचा ते सांगितलं. लालासाहेबानं खोकडाचं बीळ दाखवलं. मतांचा हिशेब डोक्यात न ठेवता बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. जो तो आपलं आपलं सांगायला लागला. एकमेकांच्या चुका काढायला लागले, हे गवत ते न्हवं, ते तिकडं. बाईचा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

हात तिथंच वर झाले. माळ द्यायचा नाही म्हणणारे जास्त निघाले, थोडेच पण जास्त. रस्ता पाहिजे म्हणणारेही होते आणि त्यांचंही खोटं नाही. बाई म्हणाली, ठराव वर पाठवते, पुढचा शब्द माझ्या हातात नाही. मी म्हटलं, तुमी तुमचं पाठवा, आमी हितंच हाय.

संध्याकाळी शेजारची रंगुबाई नारळ आणि हळदीकुंकू घेऊन दारात आली. माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. म्हणाली, हरणाबाई, आज बिरोबाच बोलला बघा तुमच्या तोंडनं, न्हाईतर आपल्यासारखीला एवढं कुठनं सुचतंय.

मी पाय मागं घेतले आणि तिला दंडाला धरून सरळ उभी केली.

“रंगे, ते मी बोलले. मल्हारची हरणा. डोळं माझं, माळ आपला. नारळ घरी ने आन् पोरांच्या आमटीत घाल.”

तिला ते पटलं नाही. जाताना मागं वळून बघत होती, घाबरल्यासारखी. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिले, मी नुसती हरणाच आहे हे तिला नीट दिसावं म्हणून.