उम्म नस्रीचं नाक

उम्म नस्रीच्या, म्हणजे नस्रीच्या आईच्या, नाकाला सगळं गाव वचकून असे. द्राक्षांचा हंगाम आला की बायका आपापले वाइनचे बुधले तिच्या अंगणात घेऊन यायच्या. मोठाले, काचेचे, वेताच्या टोपलीत बसवलेले. गेल्या वर्षीचा आंबूसपणा कुठे राहिला असला तर नवी वाइन नासून तिचं व्हिनेगर होतं, म्हणून म्हातारी प्रत्येक बुधल्याच्या तोंडाशी नाक नेई आणि निकाल देई. तळघराची किल्ली तिच्या गळ्यात, क्रुसाशेजारी असे. ती किल्ली जिच्याकडे, घर तिचं.

सून वदाद लग्न होऊन आली त्या पहिल्याच हंगामात तिला या नाकाचा इंगा कळला. खडेमीठ आणि कढत पाणी घालून तिनं बुधला घुसळला, विसळला, उपडा ठेवला. सासूनं हुंगला आणि परत दिला. तिनं पुन्हा धुतला, सासूनं पुन्हा परत दिला. बोटांच्या चिरांत मीठ जाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हातारीचं आपलं तेच. वदादच्या माहेरी एकाच बाटलीत तेल आणि वाइन ठेवत असावेत, असंही सासू भर अंगणात म्हणाली. बायका हसल्या. नस्री, तिचा नवरा, तोही हसला. पुढे दर हंगामात हाच तमाशा झाला आणि वदादनं त्यातलं काहीही विसरायचं नाही असं ठरवलं.

यंदाच्या थंडीत म्हातारी तापानं फणफणली. त्यातून उठली आणि पुन्हा घरभर हुकूम सोडू लागली. एके दिवशी दूध उतू जाऊन पातेलं करपलं, वास पार रस्त्यापर्यंत गेला, आणि म्हातारी चुलीकडे पाठ करून शांतपणे मसूर निवडत बसली होती. वदाद धावत आली ती दारातच थबकली. त्या दिवसापासून ती सासूवर डोळा ठेवून राहिली. म्हातारी आधी पातेल्यात डोकावायची आणि मग पुदिना ताजा आहे म्हणायची. दुसरी कुणी असती तर तिला डॉक्टरकडे घेऊन गेली असती. वदादनं हंगामाची वाट पाहिली.

हंगाम आला. अंगण बायकांनी भरलं. म्हातारीनं बुधल्यामागून बुधला हुंगला, कुणाला शाबासकी दिली, कुणाचा परत पाठवला, सगळं नेहमीच्या तोऱ्यात. शेवटी वदाद आपला बुधला घेऊन पुढे आली. त्यात तिनं सकाळीच रॉकेलचा बोळा फिरवला होता.

"काकू, एवढा बघता का? माझा मलाच भरवसा वाटत नाही."

म्हातारीनं डोळे मिटले, चांगला वेळ घेतला. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. "शिकलीस हो एकदाची."

इतक्या वर्षांत हे पहिलं कौतुक. वदादला क्षणभर वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिनं बुधला शेजारच्या अद्लाच्या हातात दिला आणि तुम्हीही बघा म्हणाली.

अद्लानं नाक आत घातलं आणि झटक्यात मान मागे घेतली. "अगं, रॉकेल आहे हे."

मग एकीनं आपला नुकताच पास झालेला बुधला उचलला आणि स्वतः हुंगून पाहिला. दुसरीनं पाहिला, तिसरीनं पाहिला. म्हातारी मधोमध खुर्चीवर बसून होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

नस्रीनं आईला आराम कर म्हणत तिच्या गळ्यातली किल्ली काढली. ती त्यानं बायकोला दिली.

दुसऱ्या दिवशी वदाद त्याच खुर्चीवर बसली होती. नळाशी बसून म्हातारीनं बुधला घुसळला, विसळला आणि आणून दिला. वदादनं हुंगला. ओल्या काचेखेरीज कसलाही वास नव्हता.

"आंबूस येतोय, काकू. पुन्हा धुवा."

म्हातारीनं सवयीनं बुधला नाकाशी नेला, मग खाली घेतला. तिनं सुनेकडे पाहिलं.

"तुझाही तेव्हा स्वच्छच होता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला," वदाद म्हणाली. "पुन्हा धुवा."

म्हातारीनं मिठाच्या डब्यात हात घातला.