हरणाबाईनं दंड पुढं केला

मी एक सुई बोलतेय. कपडे शिवणारी नव्हे, दंडात टोचणारी. आटपाडीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्सबाई मला खळखळत्या पाण्यात उकळायच्या, बोथटले की दगडावर घासून धार लावायच्या.

शहात्तर सालची गोष्ट. धनगरवस्तीवरची हरणाबाई पोटुशी होती. तिची आधीची दोन्ही लेकरं जन्मल्यावर आठवडाभरातच गेली होती. आधी अंगावर पिणं सुटलं, मग जबडा मिटला, मग अंग धनुष्यासारखं ताठलं. सासू तानुबाई वस्तीची सुईण. "सटवाईनं लिवलं तसं झालं," म्हणत ती डोळे पुसायची.

नर्सबाई मला घेऊन वस्तीवर गेल्या. "धनुर्वात होता तो. आईला आता टोचलं, तर पोटातल्या बाळालाही राखण मिळते."

तानुबाई दारात आडवी आली. "न्हाई! जिकडं तिकडं नसबंदी चाललीया. सुनंची कूस मिटवायला आलायसा व्हय?"

हरणाबाई पुढं आली. "आत्याबाई, दोन पुरली मी. आता माझं ऐका." तिनं चोळीची बाही वर सारली. दंड पुढं केला, आणि नर्सबाईंनी मला टोचलं.

महिन्यानं पुन्हा टोचायचं, तर हरणाबाईचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरलेलं. नर्सबाईंनी आशा सोडली होती. आणि एका दुपारी हरणाबाई एस्टीतून उतरली! मागं घामाघूम तानुबाई. "एकली कशी सोडू हिला?" ती पुटपुटली.

टोचून झाल्यावर नर्सबाईंनी तानुबाईच्या हातात नवं पातं ठेवलं. "नाळ कापायला विळा नको. हे उकळून घ्या. आणि नाळेला राख लावू नका. विळ्यातून, राखेतूनच धनुर्वात शिरतो."

तानुबाईनं पातं पदराच्या गाठीत बांधलं. "राखंनं व्हत हुतं व्हय ते?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आजी." नर्सबाईंनी तिचा हात धरला.

हरणाबाईला मुलगी झाली. आठवडा उलटल्यावर नर्सबाई त्यांच्या कृष्णाकाठच्या पालावर निघाल्या, मी त्यांच्या पिशवीत. लांबूनच तानुबाईची आरोळी आली, "आवं बाई, पितीया! लय पितीया!"

पुढं तानुबाईच पोटुश्या बायांना दवाखान्यात आणू लागली. "दंड म्होरं कर गं!" कुणाची टाळाटाळ चालायची नाही.

आता माझी धार गेलीय. डब्यात नव्या सुया आल्यात. बायांनो, घरात कुणी पोटुशी असली, तर तिला वेळेत टोचून आणा. हरणाबाईची पोर मेंढरांमागं हुंदडतेय. तिला मी कधी शिवलेसुद्धा नाही. टोचलं आईला, आणि जगली लेक.