त्रेचाळीस नंबरची कुंडी

“पुन्हा एकदा मोजता का, बाई?” सेइकिची-सान म्हणाले.

नोंदणी खात्याच्या बाई पुन्हा वाकल्या. डावीकडच्या वाफ्यात सेइकिची-सानांची नवी स्ट्रॉबेरी, उजवीकडे आमच्या तोचिगीत घरोघरी लावतात ती जुनी. नवी जात म्हणून नोंद व्हायची तर जुनीपेक्षा ती कशात तरी वेगळी हवी, पानात, पाकळीत, फळाच्या टोकात. बाईंनी सकाळपासून पट्टी लावून लावून पाहिलं. शेवटी चष्मा काढून त्या हळूच म्हणाल्या, “काका, फरकच नाही हो. तपासायला पाठवलेल्या पानांचा निकालही हाच आहे. ही तीच जुनी जात आहे.”

“असं कसं होईल? मी स्वतःच्या हातानं जुनीच्या फुलाला परागकण लावलेत! सहाशे रोपांतून एक निवडलंय!”

बाईंनी खाली मान घालून कागद आवरले आणि गेल्या. मी, त्यांची शेजारीण, सकाळपासून बाजूला उभी होते. हे कसं झालं ते मला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ते निवडलेलं रोप त्रेचाळीस नंबरच्या कुंडीत होतं, जगात एकुलतं एक. पहिल्या वर्षी त्याला दोनच फळं धरली. सेइकिची-सानांनी स्वतः चाखलंही नाही, दोन्ही इस्पितळात मित्सुएला नेऊन दिली. बायको अंथरुणाला खिळलेली, तिला नाही द्यायची तर कुणाला? मी तिथंच होते. मित्सुए डोळे मिटून म्हणाली, “अगं योने, हे कुणासारखंच नाही गं!”

मग उन्हाळा लागला, मित्सुएचं जास्त झालं. सेइकिची-सान रात्रंदिवस तिच्या उशाशी. मला सांगून गेले, “योने-सान, पाणी घाल, आणि रनर कापत जा.” रनर म्हणजे स्ट्रॉबेरीच्या त्या लांब दोऱ्या, धावत जातात, टेकतील तिथं नवं रोप करतात आणि मूळ रोपाला शोषून घेतात. पाणी मी घातलं. कापायचं राहिलं. आज कापू, उद्या कापू. एक दिवस पाहते तर त्रेचाळीसमधलं रोप वाळून काडी झालेलं, आणि त्याच मातीत शेजारच्या जुन्या जातीचा रनर मुळं धरून तरारलेला. मी वाळलेलं उपटलं, दोरी कापली. म्हटलं, त्याचंच बाळ असेल. असेल कसलं! दोरी कुठून आली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मित्सुएची माती करून ते परतले, सरळ कुंडीपाशी गेले, आणि हिरवं पान बघून लहान मुलासारखे रडले. “ही तरी राहिली गं!” माझं मेलं तोंड एरवी गावभर चालतं, तेव्हा मात्र उघडलं नाही. पुढं त्याच रोपाची शेकडो रोपं झाली. जुनीसारखीच चव कशी, असं कुणी विचारलं की ते कौतुकानं म्हणायचे, “आईवर गेलीय.”

आज सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, अंगावर धावून येतील. आले असते तर बरं झालं असतं.

“ते वाळलेलं कुठं टाकलंस?” एवढंच त्यांनी विचारलं.

“पाचोळ्याबरोबर जाळलं.”

“हं,” म्हणाले आणि घरात गेले. मला राहवेना, मीही मागोमाग गेले. दर हंगामातलं पहिलं फळ देव्हाऱ्यात मित्सुएच्या फोटोपुढं ठेवायचा त्यांचा नेम. आजही बशीत एक होतं, लालबुंद. ते गुडघे टेकून बसले होते.

“चार वर्षं तुला भलतंच खाऊ घातलं गं,” ते फोटोला म्हणाले. “तू तरी सांगायचंस की.”

मग त्यांनी ते फळ उचलून घेतलं, बशी बाहीनं पुसली आणि रिकामीच पुन्हा जागेवर ठेवली.